कॉफीच्या पिंपाचा खून

१

पाद्री स्टबलफील्ड यांनी चिलीचा दुसरा चमचा तोंडात घातला आणि कडकन आवाज झाला. खिमा आणि राजमा यांची आमटी ती, त्यात कडक काय असणार? बुवांनी तोंडात बोट घालून वस्तू बाहेर काढली. पितळेचं रिकामं काडतूस होतं, टोमॅटोने माखलेलं.

"आयोन," ते बायकोला म्हणाले, "यात काही नवीन घातलंस का?"

आयोनबाईंनी उत्तर द्यायच्या आधीच स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडलं की खाली सगळी कॉफीच कॉफी झाली आहे. पीकन फोर्क गावातलं अख्खं चर्च ताटं टाकून आत धावलं. टेबलावर स्टीलचं पिंप उभं होतं. बारशी, लग्नं, मयतं, सगळ्यांना याच पिंपाने चाळीस वर्षं कॉफी पाजली होती. आता त्याच्या पोटात एक गोल, नीटनेटकं भोक होतं आणि शेवटचे थेंब जमिनीवर टपकत होते. काहीजणांनी टोप्यासुद्धा काढल्या.

आवाज कुणी ऐकला नव्हता, आणि त्यात नवल नव्हतं. थँक्सगिव्हिंग हा टर्की पक्षी खायचा गुरुवारचा सण, आणि त्याच्या आधीचा शनिवार म्हणजे चर्चच्या मागच्या माळावर टर्कीची नेमबाजी. नावात टर्की असली तरी गोळ्या कागदावर झाडायच्या आणि जिंकणाऱ्याने बर्फात गोठलेली टर्की घरी न्यायची. सकाळभर माळावर लांब बंदुकांचा धडाका चालला होता. त्यात स्वयंपाकघरातला एक बार कुणाच्या कानावर येणार?

आता ओक्लाहोमातल्या या गावात खिशात पाकीट तसं कमरेला पिस्तूल. पण नेमबाजीच्या दिवशी पोरं पायात येतात, म्हणून आयोनबाईंचा नियम होता की कमरेची पिस्तुलं म्यानासकट स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटात ठेवायची, जिथे एरवी केक ठेवतात. बहुतेक लोक हल्ली ती गाडीतच ठेवून येत. त्या दिवशी कपाटात चारच होती, आणि चारही एकाच बनावटीची, एकावरचा दिव्या-नेमाचा साज सोडला तर दिसायला जुळी भावंडं.

पाद्रीबुवांनी एकेक बाहेर काढून वास घेतला. चौथ्याला जळक्या दारूचा वास आला. ज्या म्यानातून ते निघालं त्या तपकिरी चामड्यावर दोन अक्षरं टाचलेली होती, आणि ती कुणाची ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. हॉलिस एम्ब्रीच्या बायकोने, लोइसने, ती जाण्याआधी आपल्या हातांनी टाचली होती.

सगळ्या माना हॉलिसकडे वळल्या. ब्याऐंशी वर्षांचा तो उंच, वाळका माणूस दारात टोपी हातात धरून उभा होता.

"बाबा," त्याचा मुलगा ड्वाइट म्हणाला, "मी किती दिवस सांगतोय?"

ड्वाइट विमा विकायचा आणि चर्चच्या सुरक्षा समितीचा अध्यक्ष होता. त्यामुळे तो काय सांगत होता तेही गावाला पाठ होतं. बाबांनी पिस्तूल द्यावं, गाडीची किल्ली द्यावी आणि टल्साच्या वृद्धाश्रमात खोली रिकामी झाली आहे तिथे जावं. तिथे दर गुरुवारी बिंगोचा, म्हणजे हौजीचा, खेळ असतो.

"असेल बुवा," हॉलिस सावकाश म्हणाला. "कॉफीला मी आत आलो होतो खरा. पिस्तुलाला हात लावल्याचं आठवत नाही. पण हल्ली पुष्कळच आठवत नाही."

"मग ठरलं," ड्वाइट म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी नेतो. तुमच्या भल्यासाठीच."

भिंतीला टेकून उभी असलेली वर्ना टॅकेट ताडकन सरळ झाली.

२

वर्नाचं वय अडुसष्ट. गावात बंदुका, गळ, गांडुळं आणि स्वयंपाकाची अवजारं विकणारं एकमेव दुकान तिचं. तोंडाची फटकळ, पण कामाला चोख. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्याची तिला सवय झाली होती. हॉलिस रोज सकाळी येतो याचीही सवय झाली होती, आणि ही दुसरी सवय मोडलेली तिला चालणार नव्हती. तो यायचा, घरच्या भेंडीच्या लोणच्याची बरणी काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "तूच उघड. माझे हात मातीचे आहेत." मग दोघं लोणचं खात गावाची निंदा करायची. तो टल्साला गेला तर ही निंदा करायची कुणाशी?

पाद्रीबुवांनी हॉलिसचं पिस्तूल तपासायला तिच्याकडे दिलं होतं. डेप्युटी, म्हणजे गावचा पोलीस, हरणाच्या मागे रानात होता. पिंपाचा मृत्यू आपल्या कक्षेत येत नाही, असं त्याने फोनवर सांगितलं होतं.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या वर्नाने ते पुढ्यात घेतलं. त्या पिस्तुलावर तिचा जुना राग होता. दोन वर्षांपूर्वी चर्चची बस टल्साच्या बंदुकांच्या मेळ्याला गेली आणि तिथे स्वस्त मिळतंय म्हणून या लोकांनी एकाच टेबलावरून एकसारखी पिस्तुलं उचलली. घ्यायची तिकडे, आणि बिघडली की वर्ना आहेच. वस्तू मात्र वाईट नव्हती. तळहाताएवढी, पत्र्यासारखी सपाट. सदऱ्यात अडकेल असा घोडा बाहेर नाही, अंधारात हिरवे चमकणारे नेमाचे ठिपके, मुठीत दहा गोळ्यांचं मॅगझिन. कमरेला लावलं की दिवसभर जाणवत नाही. विसरता येतं हा तिचा गुण आणि तोच तिचा दोष, असं वर्ना म्हणायची. आणखी एक सोय म्हणजे नळीत गोळी चढलेली असली की वरच्या बाजूला एक लाल खूण उभी राहते. आयोनबाई खूण खाली असल्याशिवाय पिस्तूल कपाटात घेतच नसत.

म्हणजे शनिवारी चारही नळ्या रिकाम्या होत्या. गोळी झाडणाऱ्याने आधी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून गोळी नळीत चढवली असणार.

तिने मॅगझिन काढलं. एक गोळी कमी. नळीत काजळी. सगळं हॉलिसच्या विरुद्ध. मग तिच्या लक्षात आलं की शनिवारी तिच्या हातात दिलं तेव्हा लाल खूण खाली होती. आता हे पिस्तूल अर्धस्वयंचलित. एक गोळी सुटली की दुसरी आपली आपण नळीत चढते आणि खूण पुन्हा उभी राहते. ती खाली, म्हणजे बार झाला तेव्हा मॅगझिन आत नव्हतंच. कुणीतरी आधी स्लाइड ओढली, मग मॅगझिन काढलं, पिस्तूल रिकामं झालं असं समजून चाप दाबला, आणि पिंपाने जीव सोडला.

"गाढव," वर्ना त्या अज्ञात इसमाला म्हणाली. याच चुकीसाठी तिने चर्चच्या सभागृहात वर्ग घेतला होता. आधी मॅगझिन, मग स्लाइड. शाळेतल्या पोरांसारखं सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं. हॉलिस पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्याने म्हणत होता. ड्वाइट तेवढा गारांनी फुटलेल्या कुणाच्यातरी छपराबद्दल फोनवर बोलत मागे फिरत होता.

तिने मॅगझिन परत बसवलं, अंगठ्याने बटण दाबून पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. विचार करताना तिला हा चाळा होता. तिसऱ्या वेळी अंगठा जागच्या जागी थांबला.

मॅगझिन सोडायचं बटण डाव्या बाजूला होतं. उजव्या हाताने धरणाऱ्याचा अंगठा जिथे पडतो तिथे. पण हॉलिस डावखुरा. मागच्या वसंतात त्याचं बटण काढून तिने स्वतःच्या हाताने उजव्या बाजूला बसवून दिलं होतं, आणि त्या पायी नख मोडून घेतलं होतं.

हे हॉलिसचं पिस्तूल नव्हतंच.

३

म्हणजे हॉलिसचं पिस्तूल उरलेल्या तिघांपैकी कुणाच्या तरी कमरेला होतं, आणि त्या शहाण्याला पत्ता नव्हता. वर्नाला आनंदाने नाचावंसं वाटलं, पण गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. शिवाय एक मेख होतीच. तो माणूस सरळ म्हणेल की म्हातारा विसरभोळा, त्यानेच चुकून माझं घेतलं आणि उडवलं. मग काय?

तेवढ्यात हॉलिस आला. त्याने बरणी काउंटरवर ठेवली. "उघड. हात मातीचे आहेत."

वर्नाने बरणीला हात लावला नाही. तिने कपाटातलं एक रिकामं पिस्तूल काढून त्याच्यासमोर ठेवलं. "आधी याची स्लाइड ओढून दाखवा बरं."

"खांदा दुखतोय."

"खांद्याने नका ओढू, हाताने ओढा."

हॉलिसने पिस्तुलाकडे पाहिलं, गांडुळांच्या डब्याकडे पाहिलं, बाहेर उभ्या आपल्या जुन्या गाडीकडे पाहिलं. "सांगितलं ना, हात मातीचे आहेत."

वर्नाने त्याचे हात पाहिले. नोव्हेंबर संपत आला होता. बागेत भेंडीचं देठसुद्धा उरलं नव्हतं. हात धुतलेल्या बशीसारखे स्वच्छ होते, आणि बोटांचे सांधे अक्रोडाएवढे सुजलेले होते. इतके महिने रोज बरण्या उघडून देताना आपल्याला हे दिसलं नाही, याची तिला मनापासून लाज वाटली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"लोइस गेली त्या हिवाळ्यापासून." हॉलिस स्टुलावर बसला. "नळीत गोळी चढवणं दूरच, ती स्लाइड केसभर हलत नाही माझ्याच्याने. लोक टाय लावतात तसं मी ते लावतो."

"अहो, मग तुम्ही सुटलात की. ज्याला स्लाइड ओढता येत नाही त्याने पिंप कसं मारलं? मी आत्ता ड्वाइटला फोन करते."

"करू नकोस." त्याचा आवाज एकदम कडक झाला. "मी निष्काळजी आहे असं त्यांना वाटलं तर पिस्तूल नेतील. हात गेले असं कळलं तर उद्या माझं मटण कापून देतील, वर्ना. गळ्याला रुमाल बांधतील. त्यापेक्षा मी पिंप मारलं असंच राहू दे."

"आणि टल्सा?"

"बिंगो शिकीन."

"तुम्हाला बिंगो आवडतो?"

"मला बिंगोपेक्षा दातांचा डॉक्टर आवडतो," हॉलिस म्हणाला. "शब्द दे."

तिने शब्द दिला. तो गेल्यावर बरणी तिथेच बंद राहिली. सगळ्यात मोठा पुरावा हातात होता आणि तोंडाला कुलूप. वर्नाने त्या बरणीला एक शिवी हासडली, मग खडू घेतला आणि दाराबाहेरची पाटी लिहायला गेली.

४

पाटीवर लिहिलं होतं: सणानिमित्त पिस्तुलांची सफाई मोफत, वर गोळ्यांचा एक खोका भेट. पीकन फोर्कमध्ये मोफत म्हटलं की लोक दुखणं अंगावर काढून येतात. मंगळवारी दुपारपर्यंत तिने डझनभर पिस्तुलं पुसली. पण तिला वाट होती तिघांची.

आयोनबाई पहिल्या आल्या. पर्समधून आधी रुमाल निघाला, मग पेपरमिंटच्या गोळ्या, मग पिस्तूल, त्यालाही पेपरमिंट चिकटलेलं. दुकानाचा नियम होता की नळी वाळूच्या बादलीकडे धरायची आणि मालकाने आपलं पिस्तूल आपणच रिकामं करायचं. "आधी मॅगझिन, मग स्लाइड," असं पुटपुटत त्यांनी ते केलं. बटण डाव्या बाजूला.

"शनिवारी तुम्ही चुलीपाशीच होता ना?" वर्नाने साखर खरवडत विचारलं.

"मक्याचा पाव आणायला घरी गेले होते. पातेल्यावर झाकण ठेवायचं राहिलं. झाकण असतं तर यांचा दात तरी वाचला असता." आयोनबाईंनी सुस्कारा सोडला. "मी परत आले तेव्हा कॉफी वाहतच असणार, पण माझं लक्ष सगळं पावात."

दुसरे आले डॉक्टर रस्क, गावाचे दंतवैद्य. त्यांच्या पिस्तुलाला खाली टॉर्च, वर काचेचा नेम, बाजूला तांबडा किरण सोडणारं यंत्र. एवढं सगळं लावल्यावर ते कुठल्याच म्यानात बसत नसे, म्हणून डॉक्टर ते मोज्यात घालून आणत. त्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नव्हती. त्यांनीही मॅगझिन आधी काढलं. बटण डावीकडेच.

"डॉक्टर, तुम्ही शनिवारी आत गेला होता. लपवू नका, मिशीला लागलं होतं."

डॉक्टर लाल झाले. "पीकनच्या गोड पाईचे दोन तुकडे खाल्ले. बायकोने साखर बंद केलीय. वर्नाबाई, कृपा करून बोलू नका. तेव्हा पिंप ठणठणीत होतं, मी त्यातूनच कॉफी घेतली. मी बाहेर पडताना ड्वाइट आत येत होता, नेमात हरला म्हणून तोंड पाडून."

ड्वाइट बुधवारी आला, पण सफाईला नव्हे. त्याच्या बगलेत फाइल होती. "वर्नाबाई, बाबांचं पिस्तूल विकून टाका. शुक्रवारी सकाळी त्यांना नेतोय."

"विकते की. तुझंही दे, पुसून ठेवते. मोफत आहे."

मोफत म्हटल्यावर ड्वाइट थांबला. त्याने पिस्तूल काढून नळी बादलीकडे केली आणि पहिल्यांदा खाडकन स्लाइड ओढली. शनिवारनंतर त्याने नळीत चढवून ठेवलेली गोळी उडून गळांच्या खोक्यात पडली. मग मॅगझिन काढायला त्याचा अंगठा डाव्या बाजूला गेला. चाचपला, पुन्हा चाचपला. तिथे काही नव्हतं. त्याने पिस्तूल वळवून पाहिलं. बटण पलीकडे होतं.

"बटण कुठे गेलं तुझं?" वर्नाने प्रेमाने विचारलं.

ड्वाइटचा चेहरा पांढरा पडला.

"आण इकडे." तिने पिस्तूल काढून घेतलं, मॅगझिन काढलं, मग स्लाइड ओढली. दुसरी गोळी काउंटरवर घरंगळली. "बघ. आधी स्लाइड ओढलीस ना? एक गोळी बाहेर पडली आणि दुसरी मागून आत चढली. आता तू मॅगझिन काढलं असतंस, रिकामं आहे म्हणून चाप ओढला असतास आणि माझी बादली गेली असती. पिंपासारखी."

"बाबांनी चुकून माझं पिस्तूल घेतलं असेल," तो घाईने म्हणाला. "त्यांना हल्ली..."

वर्ना याचीच वाट बघत होती. बंद बरणी तिच्या कोपराशीच होती, पण तिने तिच्याकडे पाहिलं नाही.

"ऐक. बाबांनी चुकून तुझ्या म्यानातलं घेतलं, उडवलं आणि स्वतःच्या म्यानात ठेवायला गेले, असं धरू. त्यांच्या म्यानात त्यांचं स्वतःचं होतंच की. एका म्यानात दोन बसतील? अदलाबदल व्हायला दोन्ही पिस्तुलं एकाच वेळी बाहेर असायला हवीत. आता सांग, स्वतःचं सोडून हॉलिस एम्ब्रीचं पिस्तूल बाहेर काढून बघायची गरज साऱ्या गावात कुणाला होती? आयोनबाईंना? डॉक्टरांना? का ज्याला म्हाताऱ्याची चूक पकडायची होती त्याला?"

ड्वाइट गांडुळांच्या डब्यावर बसला. बराच वेळ तो फाइलचा कोपरा दुमडत राहिला.

"त्यांनी नळीत गोळी ठेवलीय का ते बघायला काढलं," तो शेवटी म्हणाला. "नव्हती. सगळं नियमाप्रमाणे. मग माझं काढलं. नेमात हरलो होतो, म्हटलं चाप दाबायचा सराव करू. रिकामं केलं, म्हणजे केलं असं वाटलं. आवाज झाल्यावर मॅगझिन परत घालून दोन्ही घाईघाईने म्यानांत कोंबली, कुठलं कुठे गेलं कळलंच नाही. देवाशपथ, मुद्दाम नाही केलं."

"आणि वास घेतला तेव्हा? तेव्हा तर कळलं ना?"

"कळलं." त्याने मान खाली घातली. "जेवणानंतर मला सुरक्षिततेवर भाषण द्यायचं होतं, वर्नाबाई. तोंडच उघडेना. आणि मग वाटलं, तसंही त्यांना न्यायचंच आहे. त्यांची काळजी वाटते मला. ते खोटं नाही."

ते खोटं नव्हतं, हे वर्नालाही दिसत होतं. म्हणून तिने डोक्यात तयार ठेवलेल्या शिव्यांपैकी निम्म्याच दिल्या.

"काळजी वाटते तर विचार त्यांना," ती म्हणाली. "सांगू नकोस, विचार. आणि उद्या सणाला सगळं चर्च जेवायला जमेल तेव्हा उभा राहून आत्ता मला सांगितलंस ते सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि माझी सांगायची पद्धत तुला ठाऊक आहे."

५

ड्वाइटने सांगितलं. टर्की कापायच्या आधी उभा राहिला, घसा खाकरला आणि सगळं बोलून टाकलं. शांतता इतकी पसरली की पाद्रीबुवांचा नवा दात वाजलेला ऐकू आला. मग तो बापासमोर जाऊन म्हणाला, "बाबा, चुकलो. तुम्हाला टल्साला जायचंय का?"

"नाही," हॉलिस म्हणाला. "तो बटाटा इकडे सरकव."

विषय तिथेच मिटला.

शुक्रवारी सकाळी ज्या वेळी त्याला टल्साच्या रस्त्याला लागायचं होतं, त्या वेळी हॉलिसची गाडी वर्नाच्या दुकानासमोर थांबली. तो आत आला, हातात नवी बरणी. वर्नाने त्याचं पिस्तूल, बटण उजव्या बाजूला असलेलं, काउंटरवर ठेवलं.

"ड्वाइटला कसं पकडलंस?"

"बटणावरून."

"आणि बाकीचं? माझ्या हातांचं?"

"त्याची गरजच पडली नाही."

हॉलिसने पिस्तूल उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिच्याकडे परत सरकवलं. "हे ठेवून घे. म्यान मी ठेवतो, ते लोइसचं आहे. याच्या बदल्यात चर्चला नवं पिंप दे."

"तुम्हाला हलक्या स्लाइडचं दाखवू का? दोन बोटांनी ओढता येतं."

"कशाला? तीस वर्षांत मी फक्त भेंडी खाणाऱ्या खारीवर नेम धरला, आणि तीही सुटली." त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली, तिला दाखवली आणि परत खिशात टाकली. "ही नाही देणार. ते दिलं, कारण मी ठरवलं. आणि हो, बरणीची झाकणं उघडायचा तो चिमटा असतो ना, तो एक दे. किती दिवस तुला त्रास देऊ?"

वर्नाच्या पाठीमागे, खिळ्याला, तसे तीन चिमटे लटकत होते. ती एक पाऊल सरकून त्यांच्या बरोबर समोर उभी राहिली.

"संपलेत," ती म्हणाली.

हॉलिसने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. त्याची नजर अजून चांगली होती.

"पुन्हा कधी येतील?"

"काही सांगता येत नाही. तुम्ही रोज येऊन बघत जा."

हॉलिसने टोपी काढली, स्टूल पुढे ओढलं आणि बरणी तिच्याकडे सरकवली.

"मग तूच उघड," तो म्हणाला. "माझे हात मातीचे आहेत."